दोन कार्बोरेटरांचं एकमत

माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, की चुकणाऱ्या, रुसणाऱ्या, मनधरणी मागणाऱ्या जिवंत गोष्टीवर विश्वास ठेवायचा की न चुकणाऱ्या यंत्रावर, याचा कायमचा निर्णय त्याला घ्यावा लागतो. आमच्या भावोजींच्या आयुष्यात हा क्षण एका गुरुवारी सकाळी सव्वाअकरा वाजता, जुन्या मोटरसायकलींच्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आला, आणि त्या वेळी त्यांना जोराची लघवी लागली होती. शेडमध्ये सोय नव्हती. निर्णय पुढच्या गुरुवारावर गेला.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभी हयात वजनमापं तपासण्याच्या खात्यात गेली. पितळी वजनांची पेटी, एक चिमटा आणि एक शिक्का एवढ्या ऐवजावर त्यांनी अख्खा बाजार पस्तीस वर्षं धाकात ठेवला. खात्याचा नियम असा, की काटा तीनदा तपासायचा आणि तिन्ही रीडिंग जुळली तरच शिक्का मारायचा. भावोजींनी हा नियम घरी आणला. ते ताप तीनदा मोजत. कुलूप तीनदा ओढून बघत. माझ्यासाठी स्थळ बघायला एकाच घरी तीनदा गेले. तिसऱ्या वेळी त्या लोकांनी दार उघडलं नाही. मी अजून अविवाहित आहे.

निवृत्तीला वर्ष राहिलं असताना त्यांनी एका औषधवाल्याचा नाजूक काटा नापास केला. काटा शून्यावर ठरेचना. दुसऱ्यांदा गेले, तेच. तिसऱ्यांदा औषधवाला भीत भीत म्हणाला, "साहेब, राग मानू नका, पण तुमचा डावा हात टेबलावर आहे."

भावोजींनी हात उचलला. काटा हुशार मुलासारखा शून्यावर येऊन उभा राहिला.

मग ते तीन डॉक्टरांकडे गेले. तिघांचं रीडिंग जुळलं: कंपवात. चौथ्या रीडिंगची नियमात तरतूद नाही.

हे त्यांनी मला माझ्या ग्रंथालयात, जुन्या नकाशांच्या कपाटांमागे सांगितलं. तिथे गेल्या अकरा वर्षांत कुणी फिरकलेलं नाही, म्हणून गुपितांसाठी जागा उत्तम.

"आधी हात. मग चालणं. मग चेहरा लाकडी होतो म्हणे," ते म्हणाले. "त्याचं काही नाही. तुझ्या ताईला फरक कळायला वेळ लागेल."

"हात सारखाच थरथरतो?"

"कामात असला की थांबतो. रिकामा ठेवला की सुरू."

"मग नोकरीत असताना लवकर लक्षात यायला हवं होतं."

ते हसले नाहीत. चेहऱ्याचं रीडिंग मी तेव्हाच घेऊन ठेवलं.

"ताईला सांगितलंत?"

"नाही. एकदा गाडीवरून जाऊन येतो. मग सांगतो."

ही गाडीची गोष्ट जुनी. नोकरीच्या पहिल्या वर्षी ते वजनांची पेटी मांडीवर घेऊन दीपगृहाच्या फाट्यावर बसची वाट बघत बसले होते. समोरून एक माणूस क्रूझरवरून गेला. क्रूझर म्हणजे लांबलचक, बुटकी मोटरसायकल, जिच्यावर पाय पुढे सोडून आरामखुर्चीत बसल्यासारखं बसतात. त्या माणसाच्या मागे एक बाई होती आणि ती झोपली होती. "धावत्या गाडीवर बाई झोपली होती," भावोजी आजही सांगतात. "केवढा तो भरवसा." आपलीही अशी गाडी असावी, मागे आपली बायको असावी आणि दीपगृहापर्यंत जाता जाता तिला डुलकी लागावी, एवढंच त्यांना आयुष्याकडून हवं होतं. मध्ये घर झालं, दोन मुलींची शिक्षणं झाली, मुली दूरच्या शहरांत गेल्या. आता वेळ होता. किती, ते डॉक्टरांना विचारून झालं होतं. एक म्हणाला, वर्षभर चालवाल. दुसरा म्हणाला, सहा महिने धरा. तिसरा म्हणाला, हा प्रश्न मी ऐकलाच नाही.

अडचण ताईची होती. ताई एका रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर बसते. दुचाकीवरून पडलेली माणसं तिच्या समोरून स्ट्रेचरवर जातात आणि मागून धावत आलेल्या बायकांना ती पूर्ण नाव आणि वय विचारते. तीस वर्षं तिने मोटरसायकल हा शब्द घरात येऊ दिला नव्हता. पण या वर्षी ती विरघळली. कारण भावोजी सुधारले होते.

जो माणूस जेवलेलं ताट उचलत नव्हता, तो निवृत्तीनंतर चादरींच्या घड्या घालू लागला. भाजी निवडू लागला. संध्याकाळी ताई टीव्ही बघत बसली की शेजारी बसून तिच्या साड्यांना इस्त्री करू लागला. ताई मला फोनवर म्हणाली, "अरे, एकतीस वर्षांनी माणूस मिळाला मला. नोकरीनेच बिघडवला होता बघ."

मी 'हं' म्हणालो. डावा हात रिकामा ठेवायचा नाही, हा त्या सुधारणेचा पाया होता, हे तीन डॉक्टर, भावोजी आणि मी अशा पाच जणांनाच माहीत होतं.

खूश होऊन ताईने परवानगी दिली, तीही अटीसह. "गाडी घरी आणताना मी मागे बसणार. तुम्ही धडधाकट आहात, हात-डोळा शाबूत आहे, तोवर चालवा. जरा काही वाटलं की त्याच दिवशी विकायची. चालेल?"

"चालेल," भावोजी घडी घालत म्हणाले.

तर ते दुकान. दुकानदार प्रत्येक वस्तूला 'ओरिजिनल' म्हणायचा, म्हणून आम्ही त्यालाच ओरिजिनल म्हणू लागलो. त्याच्याकडे एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन क्रूझर होत्या. तांबडी जुनी, हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरची. काळी तिच्याहून चार वर्षांनी लहान, फ्युएल इंजेक्शनची. दोघींनाही दोन-दोन सिलिंडर.

"काळी घ्या साहेब," ओरिजिनल म्हणाला. "बटण दाबलं की हजर. थंडी असो, चढ असो. हिच्यात सेन्सर आहेत. हवा स्वतः मोजते, उष्णता स्वतः मोजते, पेट्रोल मोजूनमापून सोडते."

"आणि हिला कोण मोजतं?" भावोजी म्हणाले.

"म्हणजे?"

"मोजणाऱ्याला मोजणारा कुणीतरी लागतो. हिच्या सेन्सरवर शिक्का कुणाचा?"

"कंपनीचा साहेब. ओरिजिनल."

शेडमध्ये एक मिस्त्री होता, बुटका, उघड्या बाह्यांचा, यंत्राबद्दल बोलताना कुणाच्याही तोंडाकडे न बघणारा. तो तांबडीच्या बाजूचा होता. "इंजेक्शनवाली बिघडली की पिवळा दिवा लावते आणि गप्प बसते," तो म्हणाला. "काय झालं ते सांगत नाही. कॉम्प्युटर आणा, मग सांगणार."

"माझी बहीण," मी म्हणालो.

"कार्बोरेटरवाली बोलते. खोकते, शिंकते, धूर काढते. एक स्क्रूड्रायव्हर असला की रस्त्यावर बसून समजूत काढता येते. पण आधी चोक ओढा, दोन मिनिटं थांबा, मग निघा. आणि महिनाभर उभी ठेवली की पेट्रोल आंबून आतली भोकं बुजतात."

"मी," भावोजी म्हणाले.

पहिल्या गुरुवारी त्यांनी दोन्ही गाड्या चालवून पाहिल्या. चालवताना हात कामात असतो, त्यामुळे काही प्रश्न आला नाही. उतरले तेव्हा चेहऱ्यावर पोरकट लाली होती. लघवीचं मी वर सांगितलंच आहे.

दुसऱ्या गुरुवारी त्यांनी मिस्त्रीची हत्यारं तपासली. तांबडीला दोन कार्बोरेटर, प्रत्येक सिलिंडरला एक. दोघांनी सारखीच हवा ओढावी लागते, नाहीतर उभ्या गाडीत इंजिन हिसके देतं. ते बघायला मिस्त्रीकडे दोन तबकड्यांचं गेज होतं. भावोजींनी आधी गेजच तपासायला घेतलं. नळ्यांची अदलाबदल करून तीनदा रीडिंग घेतलं. मिस्त्री चहा पिऊन आला, तरी चालूच.

"गेज बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले. निवृत्तीनंतर त्यांनी पास केलेली ही पहिली वस्तू.

गेज बरोबर होतं म्हणजे तांबडी चूक होती. डावा काटा एक सांगत होता, उजवा दुसरंच. उभी असताना ती हँडलपासून शेपटीपर्यंत थडथडायची. आरशात मागचा माणूस चार-चार दिसायचा.

"वाट्टेल तशी नांदतायत दोघं," मिस्त्री म्हणाला. "अर्ध्या दिवसाचं काम आहे. करून देतो, मग बघा."

"आधी दोन्ही बघतो, मग बोलू," भावोजी म्हणाले.

तिसऱ्या गुरुवारी मी ताईच्या फोनसाठी बाहेर गेलो होतो. "आज ठरतंय ना?" ती विचारत होती. "मी गॉगल घेतलाय. हसू नकोस." मी हसत नव्हतो. दारातून आतलं दिसत होतं. भावोजी काळीवर बसले होते, गाडी उभी होती, चालू होती आणि इतकी शांत होती की चालू आहे हे मला तिच्या दिव्यावरून कळलं. मिस्त्री खाली वाकून इंजिनाला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून, त्याची मूठ कानाला लावून काहीतरी ऐकत होता.

मी आत आलो तेव्हा काळी बंद होती.

"काय झालं?"

"टिकटिक आहे काळीत," मिस्त्री कपाळाला आठ्या घालून म्हणाला. "बारीक. सापडत नाही कुठून येते."

"मग नकोच," भावोजी म्हणाले. त्यांचा डावा हात खिशात होता. "टिकटिकणारी गाडी नको."

मग ते तांबडीवर बसले. चोक ओढला, बटण दाबलं. तिने दोनदा खाकरून घेतलं आणि सुरू झाली. सगळी शेड थडथडू लागली. पत्रा, पान्यांची ताटली, भिंतीवरचं घड्याळ. भावोजींनी डावा हात खिशातून काढून हँडलवर ठेवला, नुसता ठेवला, आणि बराच वेळ त्या हाताकडे बघत बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एका रीडिंगवर निर्णय घेतला.

"हीच."

"सुंदर," मिस्त्री म्हणाला. "दोन्ही कार्बोरेटर जुळवून परवा देतो."

"हात लावायचा नाही."

"साहेब, ही अशी हलतेय..."

"आहे तशी हवी."

"ओरिजिनल," ओरिजिनल भारावून म्हणाला.

घरी येताना भावोजींनी मला कार्बोरेटरच्या बाजूने अकरा कारणं सांगितली. रस्त्यात दुरुस्त होते. विजेवर भिस्त नाही. माणसाचं ऐकते. यंत्राने स्वभाव दाखवावा, लपवू नये. मी सगळी ऐकली आणि सगळी पटली. बारावं त्यांनी सांगितलं नाही, आणि मी एम. ए. आहे, त्यामुळे न सांगितलेलं मला कळत नाही.

मला दिसलं ते एवढंच, की हयातभर काटकसर केलेला माणूस शेवटच्या हौसेतही अर्ध्या दिवसाची मजुरी वाचवतोय. मला वाईट वाटलं. आमच्या घराण्यात प्रेम तोंडाने बोलायची पद्धत नाही. आम्ही एकमेकांच्या वस्तू दुरुस्त करून आणतो. वडिलांनी आईचा चष्मा आयुष्यभर दुरुस्त केला, तिला दिसत असो वा नसो. मी दुसऱ्या दिवशी एकटाच शेडमध्ये गेलो.

"साहेबांनी हात लावू नका म्हटलंय," मिस्त्री म्हणाला.

"ते भिडस्त आहेत. माझ्याकडून भेट समजा."

मिस्त्रीने पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं. रात्रभर त्याला झोप नव्हती असं त्याने सांगितलं. थरथरती गाडी हातून गेली तर लोक काय म्हणतील. त्याने लगेच टाकी उतरवली.

शनिवारी सकाळी ताई आली. गॉगल, पायांत बूट, डोक्यावर नवं हेल्मेट, हातात खाऊचा डबा. पंचविशीतली नवरी दिसत होती, वय वर्षं छप्पन्न. रुग्णालयातून तिने अर्ध्या दिवसाची रजा काढली होती.

"ही होय," ती तांबडीभोवती फिरत म्हणाली. "रंग बरा आहे. बसायची जागा माझ्या मानाने जरा आशावादी आहे."

"तुझ्या मानानेच बघितली," भावोजी म्हणाले.

"थापा नका मारू. झोप लागली तर पडणार तर नाही ना मी?"

भावोजींचे कान लाल झाले. ते पुढे बसले. ताई माझ्या खांद्याला धरून, दोनदा पाय चुकवून, मागे बसली. "हं. चला आता. जे व्हायचं ते होऊ दे."

भावोजींनी चोक ओढला. बटण दाबलं.

तांबडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. खाकरली नाही. मिनिटभराने त्यांनी चोक हळूच आत ढकलला आणि ती जिथल्या तिथे, शांतपणे, समाधी लागल्यासारखी चालत राहिली. पत्रा गप्प. पान्यांची ताटली गप्प. आरशात ताईचा एकच चेहरा दिसत होता.

मिस्त्री माझ्याकडे बघून हसला. मी भावोजींकडे बघून हसलो. भावोजी हसले नाहीत.

"हिला काय केलंत?" ते म्हणाले.

"माझ्याकडून," मी म्हणालो. "भेट."

मग ती टिकटिक ऐकू आली. बारीक, भरभर, धातूवर धातू.

मिस्त्रीचा चेहरा पडला. तो गुडघ्यांवर बसला, स्क्रूड्रायव्हर इंजिनाला लावला, मूठ कानाला. "काळीतही हाच आवाज होता," तो म्हणाला. "हुबेहूब हाच. दोन गाड्यांत एक आवाज कसा येईल? काल नव्हता हो. रात्री आठपर्यंत ऐकत बसलो होतो मी."

भावोजींनी हात खिशात घालायला हवा होता. पण चालू गाडी, मागे बायको; क्लचच्या दांडीवर नुसता टेकवलेला हात काढायचा धीर त्यांना झाला नसावा. मी तोवर बारावं कारण शोधून काढलं होतं. त्याचा आता काही उपयोग नव्हता.

ताई इंजिनाकडे बघत नव्हती. तिने गॉगल वर केला होता आणि नवऱ्याच्या खांद्यावरून ती खाली हँडलकडे बघत होती. त्यांच्या डाव्या हातातली लग्नातली अंगठी, अलीकडे सैल झालेली, क्लचच्या दांडीवर वाजत होती.

"अहो," ती म्हणाली. "हात उचला."

त्यांनी हात उचलला. टिकटिक थांबली.

"ठेवा."

त्यांनी ठेवला. टिकटिक सुरू झाली.

"उचला."

एकतीस वर्षं एका माणसाबरोबर काढली की त्याचे नियम अंगात भिनतात. तिने तीनदा उचलायला लावला, तीनदा ठेवायला लावला. तिन्ही वेळा जुळलं.

"कधीपासून?"

"गेल्या वर्षीपासून."

"कुणाला दाखवलं?"

"तिघांना."

तिने नाव, वय विचारलं नाही. बाकी सगळं ती खिडकीवर विचारते तसंच, आवाज न चढवता विचारलं. औषध कुठलं. कुठे ठेवता. डॉक्टर पुढचं काय म्हणतात. भावोजी समोर बघून उत्तरं देत होते. ओरिजिनल कागद घेऊन आला होता, तो कागद घेऊन परत गेला.

गाडी चालूच होती. मागे बसल्या बसल्या ताईने हेल्मेटचा पट्टा सोडला आणि परत लावला.

"म्हणजे त्या चादरी," ती म्हणाली.

भावोजी उजव्या हाताने आरसा पुसू लागले.

"आणि साड्यांची इस्त्री."

"ती आवडायला लागली होती नंतर," भावोजी म्हणाले.

"उतरते मी," ताई म्हणाली. मी खांदा दिला. या वेळी तिचा पाय चुकला नाही. खाऊचा डबा तिने सीटवरच ठेवला, आणि बॅगेतून फोन काढून ती रुग्णालयातल्या कुणाला तरी मेंदूच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ विचारू लागली. चौथ्या रीडिंगची.

भावोजी तसेच बसून होते, पाय पुढे सोडून, आरामखुर्चीत बसल्यासारखे. हात हँडलवर, टिकटिक चालू. आता लपवण्याची गरज नव्हती.

"मिस्त्री," ते म्हणाले, "बंद करायच्या आधी गेज लावा एकदा."

मिस्त्रीने नळ्या जोडल्या. दोन्ही काटे एकाच रेघेवर आले आणि तिथेच थांबले. त्याने नळ्यांची अदलाबदल केली, पुन्हा पाहिलं, पुन्हा अदलाबदल केली. तीनदा.

गाडीत काहीही दोष नव्हता.